पाटीवर नसलेलं

सिंह नाही आमच्याकडे.
तिकीट फाडतानाच सांगून टाकते मी,
मागाहून हिरमोड नको.
हत्ती नाही, जिराफ नाही.
पोपट आहेत, तेही इथलेच, कर्कश्श,
सफरचंदाच्या बागांतून हाकललेले.
चिलोएच्या रानात जे आहे तेवढंच इथे,
आणि तेही धड नाही:
गाडीखाली आलेलं पुदू हरीण, मोठं होऊनही गुडघ्याएवढंच,
एका डोळ्याचं घुबड,
आणि कुत्र्यांनी फाडलेला एक कोल्हा
जो माणूस दिसला की पाठ करून बसतो.

आज पलीकडच्या बेटावरून नऊ मुलं आली,
दोन तास बोटीत ओकत.
शाळा अख्खी तेवढीच.
ओर्तेन्सियाबाई भिजलेला हजेरीचा कागद धरून
पुन्हा पुन्हा नऊ मोजत होत्या.
नाल्काच्या एका पानाखाली तिघं मावली,
चौथ्याला ढकललं.

रानमांजराच्या पिंजऱ्याशी मी नेहमीचं बोलले.
ही गुइन्या. आख्ख्या अमेरिकेत हिच्याहून लहान रानमांजर नाही.
वजन दोन किलो, म्हणजे तुमच्या बाजारातले सात-आठ बटाटे.
उंदीर खाते. रान राखते.
(उंदराचं चित्र दाखवते मी इथे.
चित्राचा कोपरा ओलीनं फुगलाय.)

"हिचा पाय?" एका मुलीनं विचारलं.
सापळ्यात गेला.
"कुणाच्या?"
ते पाटीवर नाही.

पाटीवर नाही, पण मला ठाऊक आहे.
दोन हिवाळ्यांपूर्वी ती ज्या पोत्यात आली
त्याच्यावर निळ्या रंगात आडनाव होतं,
बटाटे दुसऱ्याचे म्हणून विकले जाऊ नयेत यासाठी रंगवलेलं.
तेच आडनाव आज हजेरीत सातवं:
मियालोंको, बेल्त्रान. वय दहा.
तो मागे उभा होता, बुटानं चिखल उकरत.

"ती कोंबड्या खाते," तो म्हणाला.
कधी कधी, मी म्हटलं.
"चौदा," तो म्हणाला. "एका हिवाळ्यात.
आई अंडी विकते."

बारा वर्षं मी हे शिकवतेय.
माझ्याकडे कवट्या आहेत, ठशांचे साचे आहेत,
बटण दाबलं की दिवे लागणारा नकाशा आहे.
चौदासाठी काही नाही.
मी छडी खाली घेतली.
पाऊस पत्र्यावर आपलं काम करत राहिला.

"इथे काय घालता तिला?"
उंदीर. आणि शनिवारी, मी जरा चाचरले,
कोंबडीच्या माना.
तो हसला. मग सगळीच हसली,
बाईसुद्धा, तोंडावर हजेरी धरून.

हसणं ओसरल्यावर तो जाळीला नाक लावून,
आम्हा कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला,
"बोटीत पोतं मी धरलं होतं.
बाबा वल्ही मारत होते, हाताला फडकं बांधून.
तिनं चावलं होतं त्यांना.
ते म्हणाले, घट्ट धर. मग म्हणाले, इतकं घट्ट नको."

गुइन्या फळीवरून उतरली,
तीन पायांवर, चौथा असल्यासारखी.
कुणी टाळी वाजवली नाही.
एरवी वाजवतात.

शेवटी मी कागद वाटते: आज काय शिकलात?
आठ जणांनी उंदीर लिहिला.
बेल्त्रान कागद न घेताच परत गेलेला,
बोटीचा भोंगा वाजला तरी पिंजऱ्याशी.
जाळीच्या एका घरात त्यानं आधी दोन बोटं घातली,
मग एक,
मग ते बोट तसंच जपून धरून माझ्याकडे आला,
माप सांडेल असं.

"ही जाळी मिळते कुठे?
आणि मीटरला केवढ्याला?"

भाव मला माहीत नव्हता.
आन्सेल्मोला गोदामातून हाक मारली,
त्यानं आठवून सांगितला, वर म्हणाला,
खालून हातभर पुरा, ती उकरते.
मी तिकिटाच्या मागे लिहून दिलं.
शाई पसरू नये म्हणून
त्यानं ते टोपीच्या आत ठेवलं
आणि धक्क्याकडे पळाला,
जिथे बाई आठपर्यंत येऊन थांबल्या होत्या.